सरकारी पगार मागणारे स्कॉटिश पाद्री : मेहेरबानी की हक्क? (सिडनी, १८२३ आणि आजूबाजूचं बरंच काही)

मोडीवाचक

मंडळी, इंग्रजांच्या राज्यात सरकारी चर्च म्हणजे इंग्लंडचं चर्च, असं आपण सहसा धरून चालतो. प्रत्यक्षात त्या राज्यात सरकारमान्य चर्च दोन होती. १७०७ साली स्कॉटलंड आणि इंग्लंड एक झाले तेव्हा स्कॉटलंडने आपली संसद सोडली, पण चर्च सोडलं नाही. आमच्याकडे प्रेस्बिटेरियन चर्चच कायम राहील, हे त्यांनी त्याच वेळी कायद्याने पक्कं करून घेतलं. या चर्चमध्ये बिशप नसतो. पाद्री सगळे एका पायरीवरचे, आणि कारभार पाहते ती पाद्री व गावातले वडीलधारे यांची सभा. राजाने नेमलेल्या बिशपापुढे मान तुकवायची नाही, यासाठी स्कॉटिश लोकांनी सतराव्या शतकात रक्त सांडलं होतं.

स्कॉटलंडात हे चर्च, इंग्लंडात ते चर्च, इथवर भांडण नव्हतं. पण सिडनी, मुंबई, अपर कॅनडा (आजचा ओंटारियो) या जागा ना इंग्लंडात ना स्कॉटलंडात. तिथे सरकारी तिजोरीतून पगार कुठल्या पाद्र्याला द्यायचा? १८१० ते १८४० च्या दरम्यान जगाच्या चार टोकांहून स्कॉटिश पाद्र्यांचे आणि त्यांच्या मंडळींचे अर्ज याच प्रश्नावर लंडनला जात राहिले. त्यातलं मला सगळ्यात जिवंत वाटतं ते सिडनीचं प्रकरण.

मे १८२३ मध्ये जॉन डनमोर लँग सिडनीच्या बंदरात उतरला. ग्रीनॉकचा जन्म, ग्लासगो विद्यापीठात शिक्षण, वय २३. भाऊ आधीपासून सिडनीत होता, त्याच्याकडून तिथली परिस्थिती कळलेली. स्कॉटिश वसाहतवाले तिथे बरेच होते. हॉक्सबरी नदीकाठी एबेनेझर इथे तर १८०९ मध्येच त्यांनी स्वतःच्या हातांनी दगडी प्रार्थनागृह उभं केलं होतं, पण पाद्री नसल्याने त्यांच्यातलाच एक शेतकरी प्रार्थना चालवायचा. इंग्लंडच्या चर्चचे चॅप्लेन मात्र वसाहतीच्या पहिल्या दिवसापासून सरकारी पगारावर. १८२० पासून दोन कॅथलिक पाद्र्यांनाही सरकार पैसे देत होतं, आणि त्यांच्या चॅपेलला सरकारचा हातभार होता.

लँग आल्यावर स्कॉटिश मंडळींनी वर्गणी काढली आणि गव्हर्नर सर थॉमस ब्रिस्बेनकडे अर्ज केला : आम्ही साम्राज्यातल्या दोन राजमान्य चर्चपैकी एकाचे आहोत, आमच्या चर्चला सरकारी मदत मिळावी. ब्रिस्बेन स्वतः स्कॉट, लार्ग्झचा. मंडळींना वाटलं, आपलाच माणूस आहे.

उत्तर आलं ते वाचून आजही वाईट वाटतं. आशय असा : आधी लोकवर्गणीतून धर्माला शोभेल असं मंदिर बांधायला घ्या. रोमन कॅथलिकांचे पाद्री निवडताना जी पारख दिसली, तितकीच पारख आपले गुरू निवडताना तुम्हीही दाखवा. देवाला भिणं आणि राजाला मान देणं लोकांना शिकवू म्हणता, ते आधी करून दाखवा. एकी राखा. मग सरकार पुढे येईल.

दुसरं वाक्य नीट वाचा. मंडळींनी आणलेला गुरू लँग त्यांच्यासमोर उभा आहे, आणि गव्हर्नर लिहितो की गुरू निवडायची अक्कल आधी दाखवा. कॅथलिकांना दिलेल्या मदतीला माझा अजिबात आक्षेप नाही, ती रास्तच होती. पण अर्ज होता हक्काचा, आणि उत्तर मिळालं ते चालचलणुकीच्या दाखल्याचं.

लँग गप्प बसणारा नव्हता. १ जुलै १८२४ रोजी कॅप्टन जॉन पायपरच्या हस्ते स्कॉट्स चर्चची कोनशिला बसली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत लँगने लंडन गाठलं. वसाहतमंत्री लॉर्ड बॅथर्स्टकडे प्रकरण नेलं. बॅथर्स्टने ब्रिस्बेनला कानपिचक्या दिल्या, चर्चच्या खर्चाचा एक तृतीयांश वाटा सरकारने द्यावा असं ठरवलं, आणि लँगला वर्षाला ३०० पौंड पगार बांधून दिला. जुलै १८२६ मध्ये चर्च उघडलं.

माझं म्हणणं असं की ही मागणी पोटापाण्याची कमी आणि बरोबरीची जास्त होती. ज्याला सरकार पगार देतं तो समाजात 'खरा' पाद्री, बाकीचे आगंतुक, हा त्या काळचा हिशेब होता. तुम्हाला काय वाटतं? कॅनडा, आयर्लंड आणि आपल्या मुंबईबद्दल कोणाला माहिती असेल तर जरूर लिहा.

फोर्टकर

सुंदर धागा. मुंबईची बाजू मी मांडतो, कारण त्या चर्चवरून माझं रोजचं जाणं-येणं आहे. काळ्या घोड्याजवळ, लायन गेटसमोर सेंट अँड्र्यूज चर्च आहे. पांढरं, पुढे खांब, वर निमुळता मनोरा. येणारे-जाणारे नेव्हल डॉकयार्डाकडे बघतात, याच्याकडे कोणी बघत नाही. अगदी याच अर्जबाजीतून उभी राहिलेली इमारत आहे ती.

१८१३ ची कंपनीची सनद आठवा. शाळेत आपण ती शिक्षणावरच्या एक लाख रुपयांसाठी पाठ केली. त्याच सनदेत कलकत्त्याला बिशप आणि तिन्ही इलाख्यांना एकेक आर्चडिकन (बिशपाच्या हाताखालचा वरिष्ठ पाद्री) नेमायचं ठरलं. बिशपाला वर्षाला ५००० पौंड, आर्चडिकनला २०००, सगळं हिंदुस्थानच्या महसुलातून. स्कॉटलंडच्या चर्चने साहजिकच हरकत घेतली : कंपनीच्या नोकरीत स्कॉट इतके आहेत, त्यांच्या चर्चला काहीच नाही? कायद्यात त्यांची नोंद झाली नाही, पण कंपनीने प्रत्येक इलाख्यात एक स्कॉटिश चॅप्लेन पगारावर घ्यायचं मान्य केलं. कलकत्त्याला जेम्स ब्राइस, मद्रासला जॉन अ‍ॅलन, मुंबईला जेम्स क्लो. क्लो १८१५ मध्ये मुंबईत आला आणि हे चर्च १८१९ मध्ये उघडलं.

पगार मिळाला म्हणून बरोबरी मिळाली असं मात्र झालं नाही. स्कॉटिश चॅप्लेनने लावलेली लग्नं कायदेशीर आहेत का, यावरच शंका निघाली. म्हणजे चर्चमध्ये चारचौघांसमोर लग्न झालेलं, मुलंबाळं झालेली, आणि वारसाहक्काच्या वेळी कोणी म्हणणार की हे लग्नच नव्हे. शेवटी १८१८ मध्ये पार्लमेंटला कायदा करून ही लग्नं वैध ठरवावी लागली. मोडीवाचक म्हणतात तो बरोबरीचा मुद्दा इथे फार ठळक दिसतो.

कलकत्त्यात तर भांडण मनोऱ्यावर आलं. ब्राइस आणि पहिला बिशप मिडलटन एकाच जहाजातून १८१४ मध्ये तिथे पोचले होते. स्कॉटिश चर्चला उंच मनोरा असू नये असं बिशपाचं म्हणणं होतं, आणि ब्राइसने मनोरा बांधून वर कोंबडा बसवला, अशी तिकडची कथा आहे. कथेत तिखटमीठ किती ते सोडा, मनोरा आणि कोंबडा दोन्ही तिथे आहेत.

अवांतर : मुंबईच्या या चर्चच्या शेजारी पुढे बर्फघर झालं. अमेरिकेहून जहाजाने आलेला बर्फ तिथे साठवत.

मोडीवाचक

फोर्टकर, लग्नांचा मुद्दा सोन्यासारखा आहे. पगार हा एक धागा, त्याच्यामागे लग्नं, दफनभूमी, लष्करातल्या स्कॉटिश पलटणींची प्रार्थना असं सगळं ओढलं जात होतं. मद्रासचं चर्चही पाहण्यासारखं आहे, एग्मोरला. द हॅविलंड या लष्करी इंजिनियरने भुसभुशीत जमिनीत विहिरी खणून त्यावर पाया घेतला, १८२१ मध्ये पूर्ण झालं.

मेपलपान

ओंटारियोत राहतो, त्यामुळे इथलं लिहितो. सिडनीत भांडण पगाराचं होतं, इथे जमिनीचं. १७९१ च्या कायद्याने सरकारने वाटलेल्या जमिनीच्या प्रमाणात एक सप्तमांश जमीन 'प्रोटेस्टंट पाद्र्यांच्या' पोटापाण्यासाठी राखून ठेवली. कुठले प्रोटेस्टंट हे स्पष्ट लिहिलेलं नव्हतं. इंग्लंडचं चर्च म्हणालं, आम्हीच. यॉर्कचा, म्हणजे आजच्या टोरांटोचा, जॉन स्ट्रॅकन हा त्यांचा म्होरक्या. गंमत म्हणजे तो जन्माने स्कॉट, अ‍ॅबरडीनचा. स्कॉटिश चर्चवाले म्हणाले, प्रोटेस्टंट तर आम्हीही आहोत, आणि राजमान्यही आहोत.

१८१९ मध्ये नायगाराच्या सेंट अँड्र्यूज चर्चच्या मंडळींनी गव्हर्नर मेटलंडकडे अर्ज केला. १८१२ च्या युद्धात अमेरिकनांनी गाव जाळलं होतं, चर्चही त्यात गेलं होतं. मागणी किती, तर आपल्या पाद्र्यासाठी वर्षाला १०० पौंड, या राखीव जमिनीतून किंवा सरकारला योग्य वाटेल त्या निधीतून. एवढ्याशा अर्जाने लंडनच्या सरकारी वकिलांना मत द्यावं लागलं की स्कॉटलंडच्या चर्चचे पाद्री कायद्यातल्या 'प्रोटेस्टंट पाद्र्यां'त बसू शकतात. त्यावरून पस्तीस वर्षं राजकारण पेटत राहिलं.

पर्थ इथे लष्करी वसाहतीतल्या स्कॉटिश लोकांनी सरकारकडे पाद्री मागितला तेव्हा १८१७ मध्ये विल्यम बेल आला, १०० पौंड सरकारी पगारावर. पण बेल राजमान्य चर्चचा नव्हता, त्यातून फुटलेल्या सिसेशन गटाचा होता. हे गट म्हणजे पाद्री नेमण्यातली जमीनदारांची ढवळाढवळ असह्य होऊन बाहेर पडलेले लोक. त्यामुळे अपर कॅनडात प्रेस्बिटेरियन विरुद्ध प्रेस्बिटेरियन असाही सामना झाला. 'आम्ही राजमान्य' असं एक जण म्हणाला की दुसरा आपोआप बाहेर पडतो.

उलटतपासणी

धागा माहितीपूर्ण आहे, पण एक प्रश्न टोचतोय. ही सगळी चर्चा 'बरोबरी'ची आहे, तर कोणाशी बरोबरी? अपर कॅनडातली ती सप्तमांश जमीन कोणाची होती? ओजिब्वे आणि इतर मूळ लोकांकडून करारांच्या नावाखाली घेतलेली. सिडनीतली जमीन तर करारसुद्धा न करता घेतलेली. आणि मुंबईच्या क्लोचा पगार कुठून यायचा? रयतेच्या सारा-महसुलातून. बाणकोटच्या किंवा जुन्नरच्या कुणब्याला लंडनचा बिशप काय आणि एडिंबराचा पाद्री काय! दोन राजमान्य चर्चनी आपसात वाटून घेतलं त्याला मी तरी हक्काची लढाई म्हणणार नाही.

पेठकर

उलटतपासणी यांचा मुद्दा बिनतोड आहे, पण आपल्याकडच्या बाजूने त्यात एक भर घालतो. त्याच वर्षांत, त्याच मुंबई सरकारच्या तिजोरीतून पुण्याला दक्षिणाही चालू होती. पेशवाई १८१८ मध्ये बुडाल्यावर एल्फिन्स्टनने श्रावणातली दक्षिणा एकदम बंद केली नाही. त्यातलाच काही भाग वळवून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. देवस्थानांची वर्षासनं आणि इनामंही बरीचशी चालू ठेवली. म्हणजे कुणब्याच्या साऱ्यातून शास्त्रीबुवांची दक्षिणा, देवस्थानाचं वर्षासन, बिशपाचा पगार आणि स्कॉटिश चॅप्लेनचा पगार, हे सगळं एकदम निघत होतं. त्या काळी राज्य म्हटलं की धर्माला देणं आलंच. ज्याला मिळत नाही त्याची राज्यात गणनाच नाही.

पुढे १८३० नंतर मिशनरी मंडळींनी ओरड सुरू केली की ख्रिस्ती सरकारने देवळांशी संबंध ठेवू नये. पुरी, गया, अलाहाबादचा यात्राकर १८४० मध्ये बंद झाला तो त्याच दबावाखाली. देवळाचं वर्षासन पाप, पण चॅप्लेनचा पगार चालतो, हे तर्काला धरून नाही. पगार घेणारे चॅप्लेन आणि वर्गणीवर जगणारे मिशनरी ही माणसं वेगळी होती, हे लक्षात ठेवूनही नाही.

मोडीवाचक

@उलटतपासणी, तुमचं म्हणणं मान्य. जमीन आणि महसूल कोणाचा, हा प्रश्न त्या अर्जांत नव्हता, आणि तो नसणं हीच त्या अर्जांची सगळ्यात मोठी उणीव. तरी मी 'हक्क' हा शब्द सोडत नाही, कारण अर्ज करणाऱ्यांनी एक गोष्ट सरकारकडून कबूल करून घेतली : राज्य एकाच पंथाचं नाही. दोन मान्य केले की तिसऱ्याला नाही म्हणायला कारण उरत नाही. न्यू साउथ वेल्समध्ये हेच झालं. १८२६ मध्ये तिथल्या सरकारी जमिनीचा एक सप्तमांश इंग्लंडच्या चर्चच्या मंडळाला देण्याची योजना आली, ती १८३३ मध्ये मोडीत निघाली. १८३६ मध्ये गव्हर्नर बर्कने कायदा केला : इंग्लंडचं चर्च, स्कॉटलंडचं चर्च आणि कॅथलिक, तिघांना एकच नियम. मंडळींनी किमान ३०० पौंड जमवले की सरकार तेवढेच घालणार, कमाल १००० पर्यंत. पाद्र्याचा पगार मंडळींच्या संख्येवर, १०० मोठी माणसं असतील तर १०० पौंड, २०० असतील तर १५०, ५०० असतील तर २००. कोण राजमान्य हा प्रश्नच निकालात.

अल्स्टरवाट

आयर्लंड राहिलं, आणि आयर्लंडशिवाय हे चित्र फसवं वाटेल. तिथे प्रेस्बिटेरियनांना राजाकडून पैसे १६७२ पासून मिळत होते, त्याला 'रेजियम डोनम' म्हणजे राजाचं दान म्हणत. राजमान्य चर्च मात्र बिशपवाल्यांचं. १७९८ च्या इंग्रजांविरुद्धच्या उठावात अल्स्टरचे, म्हणजे उत्तर आयर्लंडचे, प्रेस्बिटेरियन मोठ्या संख्येने उतरले. ग्रेअ‍ॅबीच्या जेम्स पोर्टर या पाद्र्याला सरकारने फाशी दिलं. विल्यम स्टील डिक्सन या दुसऱ्या पाद्र्याला साडेतीन वर्षांच्या आसपास कैदेत ठेवलं.

त्यानंतर ब्रिटिश मंत्री कॅसलरेने काय केलं पाहा. त्याने अनुदान वाढवलं. १८०३ मध्ये नवी व्यवस्था आली : मंडळींचे तीन वर्ग, पाद्र्याला वर्षाला १००, ७५ किंवा ५० पौंड. आधी एकूण रक्कम पाद्र्यांच्या सभेकडे यायची आणि ती सगळ्यांत सारखी वाटली जायची. आता वर्ग सरकारने ठरवायचे, प्रत्येक पाद्र्याने राजनिष्ठेची शपथ घ्यायची, वाटप सरकारने नेमलेल्या एजंटामार्फत. एकाच सभेत बसणारे, एका पायरीवरचे म्हणवणारे पाद्री रात्रीत शंभरवाले, पंचाहत्तरवाले आणि पन्नासवाले झाले. कैदेतून सुटलेला डिक्सन कीडीच्या गरीब मंडळींकडे गेला, त्याला या दानातलं काही मिळालं नाही. म्हातारपण हलाखीत गेलं.

सगळ्यांनी हे मुकाट घेतलं असं नाही. १८०९ मध्ये सिसेशनवाल्यांनाही अशीच वर्गवारीची रक्कम देऊ झाली. त्यांच्यातल्या किलेगच्या जेम्स ब्राइसने ती नाकारली आणि वेगळा झाला. (कलकत्त्याचा ब्राइस वेगळा, नाव तेवढं सारखं.) सगळे घेत असताना एका खेड्यातल्या पाद्र्याने नाही म्हणणं, घरात मुलंबाळं असताना, याचं मोल मला लँगच्या लंडनवारीपेक्षा जास्त वाटतं.

मोडीवाचक

अल्स्टरवाट, मनापासून आभार. वर्ग पाडण्याचा तपशील माझ्या लक्षातच नव्हता आला असा, आणि तो सगळ्यात जास्त बोलतो. ज्या चर्चचा पायाच 'सगळे पाद्री समान' हा आहे, त्यात सरकारने पगाराच्या पायऱ्या बसवल्या.

लँगही शेवटी किलेगच्या ब्राइसच्याच बाजूला आला. १८३१ मध्ये त्याने लंडनहून आपल्या कॉलेजसाठी ३५०० पौंडांची सरकारी उचल मिळवली होती, स्कॉटिश कारागीर जहाजात भरून नेले होते. मागण्यात तो कधी कमी पडला नाही. पण सहकाऱ्यांशी बिनसत गेलं आणि १८४२ मध्ये त्याने सरकारी मदत हीच चर्चची कीड आहे असं जाहीर करून ती सोडली. पुढे विधानसभेत बसून सगळ्याच चर्चची मदत बंद करण्यासाठी तो भांडला. न्यू साउथ वेल्सने ती १८६२ मध्ये बंद केली. अपर कॅनडातल्या राखीव जमिनींचं १८५४ मध्ये तेच झालं, आयर्लंडचं दान १८६९ च्या कायद्याने संपलं.

यारातीर

मेलबर्नहून. फोर्टकरांनी सांगितलेला मुंबईचा जेम्स क्लो पुढे आमच्याकडे आला, हे इथे कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. कंपनीच्या नोकरीतून निवृत्त होऊन तो १८३७ च्या अखेरीस पोर्ट फिलिपला पोचला आणि इथली पहिली प्रेस्बिटेरियन प्रार्थना त्यानेच घेतली. तेव्हा मेलबर्न म्हणजे दोन-अडीच वर्षांची वस्ती. महिन्याभरात तरुण जेम्स फोर्ब्स आला तेव्हा क्लोने त्याच्याकडे काम सोपवलं आणि स्वतः बाजूला झाला. मुंबईत वीसेक वर्षं सरकारी पगारावर काढलेला माणूस इथे कोणाच्याही नेमणुकीशिवाय उभा राहिला, याचं मला फार कौतुक आहे.

पेठकर

वा, क्लोचं हे माहीतच नव्हतं. मुंबईतला उलट दिशेचा प्रवास जॉन स्टीव्हनसनचा. मराठीचं व्याकरण लिहिणारा स्टीव्हनसन आधी स्कॉटिश मिशनरी सोसायटीचा, म्हणजे वर्गणीवर चालणारा. कोकणात, पुण्यात काम केलं. १८३४ मध्ये मिशन सोडून कंपनीचा चॅप्लेन झाला. सामवेदाचं भाषांतर वगैरे त्यानंतरचं. सरकारी पगाराने त्याला अभ्यासाला सवड मिळाली असं म्हणता येईल. एक विचारायचं होतं, स्कॉटलंडच्या चर्चमध्ये १८४३ मध्ये फूट पडली तेव्हा मुंबईत कोण कुठे गेलं?

फोर्टकर

पेठकर, त्या फुटीचं मूळही या धाग्यातच आहे. स्कॉटलंडात साडेचारशेहून जास्त पाद्र्यांनी चर्च, घर, पगार सगळं सोडलं, कारण मंडळींना नको असलेला पाद्री जमीनदाराच्या मर्जीने त्यांच्यावर बसवायचा आणि न्यायालयाने त्याला पाठिंबा द्यायचा, हे त्यांना पटेना. त्यांचा पुढारी टॉमस चामर्स. पाचच वर्षांपूर्वीपर्यंत तो नव्या चर्चसाठी सरकारी अनुदान मागत होता, १८३८ मध्ये सरकारने नकार दिला. बाहेर पडलेल्यांचं 'फ्री चर्च' काढल्यावर त्याने घराघरातून आठवड्याला पेनी-पेनी गोळा करणारा निधी उभारला.

हिंदुस्थानातले स्कॉटलंडच्या चर्चचे मिशनरी एकजात फ्री चर्चकडे गेले. मुंबईत जॉन विल्सन, ज्याच्या नावाचं कॉलेज आज चौपाटीवर आहे, तो त्यांतलाच. सरकारी चॅप्लेन सहसा जागेवर राहिले. सेंट अँड्र्यूज चर्च कंपनीच्या चॅप्लेनकडेच राहिलं, विल्सनच्या मंडळींनी आपलं वेगळं चर्च उभारलं.